सगळं बंद केलं तरी मीटरचा लाल दिवा लुकलुकतोय, घरातली वीज नक्की जाते कुठे?

काजवा (धागाकर्ती)
सोमवार, रात्री ११:४०

मंडळी, बरेच दिवस लिहू लिहू म्हणत होते, आज मुहूर्त लागला. मुलगा शाळेतून हवामानबदलावर प्रोजेक्ट घेऊन आला आणि विचारायला लागला की आपण घरात काय काय करतो, आणि मी मोठ्या आत्मविश्वासाने सांगितलं की आपण दिवे बंद करतो, एलईडी लावलेत, चार्जर काढून ठेवतो. त्याने विचारलं त्याने किती वाचते? मला उत्तर देता आलं नाही. मग ठरवलं की अंदाज नको, मोजायचं.

तर आमच्या मीटरवर एक छोटा लाल दिवा लुकलुकतो आणि त्याच्या शेजारी ३२०० इम्प असं काहीतरी छापलेलं आहे. म्हणजे दिवा ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट झालं. युनिट म्हणजे १००० वॉटची वस्तू एक तास चालली की जेवढी लागते तेवढी वीज. यावरून हिशोब असा निघतो की एका मिनिटात जितक्या वेळा लुकलुकेल त्याला १८.७५ ने गुणायचं, त्या क्षणी घरात किती वॉट चालू आहेत ते कळतं. तुमच्या मीटरवर आकडा वेगळा असेल तर ६०,००० ला त्या आकड्याने भागा आणि येईल त्याने गुणा, बाकी सगळं तेच.

काल रात्री सगळे झोपल्यावर दिवे, पंखे, फ्रिज, गीझर, एकूण एक गोष्ट बंद केली आणि टॉर्च घेऊन मीटरपाशी उभी राहिले. चार. मिनिटाला चार. म्हणजे ७५ वॉट!! घरात काहीच चालू नाही आणि एक पंखाभर वीज चाललीये, रात्रंदिवस. दिवसाला १.८ युनिट, वर्षाला साडेसहाशेच्या वर.

मग एकेक प्लग काढत गेले. सेट टॉप बॉक्स १८ च्या आसपास (टीव्ही बंद असला तरी तो आत जागाच असतो, हात लावून बघा, कोमट लागतो), कॉम्प्युटर, मॉनिटर आणि प्रिंटर मिळून २० च्या वर, जुना म्युझिक सिस्टिम १२, राउटर ९ असं करत करत खाली आलं. पण एक लुकलुक काही केल्या जाईना. मिनिटाला एक, अगदी घड्याळ लावल्यासारखी. म्हणजे अजून १८-१९ वॉट कुठेतरी जाताहेत आणि मला सापडत नाहीयेत.

कुणी सांगू शकेल का? आणि तुम्ही घरी काय काय करता, कशाने खरंच फरक पडला, तेही लिहा. कृपया मोजलेलं लिहा, ऐकीव नको, कारण मला पोराला खरं उत्तर द्यायचंय.


पायवाट
मंगळवार, सकाळी ७:०५

मस्त धागा ताई, मीटरच्या दिव्याचा हा उपयोग माहीतच नव्हता, आत्ता जाऊन मोजून आलो. आमचे नऊ आले पण फ्रिज चालू होता.

तुमची ती शेवटची लुकलुक डोअरबेलची असू शकते. बेलच्या आत छोटा ट्रान्सफॉर्मर असतो, तो कायम चालू असतो, पण तो इतके खात नाही, फार तर दोन-तीन वॉट.


गणितवेडा
मंगळवार, सकाळी ९:३०

काजवाताई, आधी तुम्हाला सलाम, कारण शंभरातले नव्व्याण्णव लोक मोजत नाहीत आणि मग चुकीच्या ठिकाणी जीव काढतात.

चार्जरचंच घ्या. ५००० एमएएचची बॅटरी म्हणजे साधारण १९ वॉट-अवर, चार्ज होताना वाया जाते ती धरून २५ म्हणू. रोज पूर्ण चार्ज केला तरी वर्षाला ९ युनिट. चार्जर नुसता खोचून ठेवला तर त्याहून कितीतरी कमी. आता गरम पाणी बघा. इथे एक सोपं सूत्र देतो, वहीत लिहून ठेवा: लिटर गुणिले किती अंश तापवायचं, भागिले ८६०, उत्तर युनिटमध्ये. २५ अंशांचं पाणी ४० करायचं म्हणजे १५ अंश. एका बादलीत २० लिटर धरले तर २० गुणिले १५ भागिले ८६०, म्हणजे ०.३५ युनिट. शॉवरखाली आठ-नऊ मिनिटं उभं राहिलं तर सहज ७० लिटर जातात, ते झाले १.२ युनिट. म्हणजे सात-आठ वेळा शॉवर घेतला की वर्षभराचा फोन संपला.

आणि ९ वॉटचा एलईडी १.२ युनिटवर १३० तासांहून जास्त जळतो.

याचा अर्थ दिवे चालू ठेवा असा नाही हो, पण घरात भांडण करायचंच असेल तर ते गीझरवरून करा, पॅसेजमधल्या दिव्यावरून नको. घरातल्या विजेचा मोठा भाग कुठे जातो तर काहीतरी गरम करायला नाहीतर गार करायला. पाणी, हवा, कपडे, स्वयंपाक. हलवायला आणि उजेडाला त्यामानाने फार थोडी लागते. तुम्हाला पटणार नाही, पण १००० लिटर पाणी २० मीटर वर चढवायला पंप वगैरेचं नुकसान धरूनही पाव युनिटपेक्षा कमी लागते, आणि तेच १००० लिटर ३० अंशांनी तापवायचे म्हटले तर ३५ युनिट!


काजवा
मंगळवार, सकाळी १०:१५

८६० चं सूत्र फ्रिजवर चिकटवलंय. पोरगं सकाळपासून सगळ्यांच्या अंघोळीचा हिशोब करतंय.

पायवाट, बेल तपासली, ती नाही. तिचा स्विच बंद करूनही लुकलुक आहेच.


शांतदिवा
मंगळवार, दुपारी १:२०

आम्ही गेल्या वर्षी गीझरचं तापमान ४५ वर आणलं, आधी ७० वर होतं. पाणी पुरेसं गरम येतं, थंड पाणी मिसळावंच लागत नाही. करून बघा सगळ्यांनी, फुकटचा उपाय आहे.


ऋतुरंग
मंगळवार, दुपारी २:००

शांतदिवा, थांबा जरा. मी दवाखान्याच्या क्षेत्रात काम करते म्हणून कळकळीने लिहिते. साठवणीचा गीझर ४५ ला ठेवू नका. लेजिओनेला नावाचा जिवाणू कोमट साठलेल्या पाण्यात, साधारण २५ ते ४५ अंशांमध्ये, छान वाढतो, आणि शॉवरच्या तुषारांबरोबर तो फुप्फुसात गेला तर गंभीर न्यूमोनिया होऊ शकतो, वयस्कर आणि आजारी माणसांना विशेष धोका. म्हणूनच साठवलेलं गरम पाणी ६० अंशांवर ठेवा असं जागतिक आरोग्य संघटनासुद्धा सांगते. ७० वरून ६० वर आणलंत ते उत्तम, पण तिथेच थांबा. टाकी नसलेला, पाणी जाता जाता तापवणारा गीझर असेल तर वेगळी गोष्ट, त्यात पाणी साठतच नाही.

आणि ६० अंशांचं पाणी थेट अंगावर घेतलं तर भाजतं, लहान मुलांच्या घरात मिसळूनच द्या.

वीज वाचवायची तर तापमान पाडण्यापेक्षा टाकीला आणि गरम पाण्याच्या पाइपला लपेटा, शॉवरचं तोंड कमी धारेचं बसवा, आणि गीझर दिवसभर चालू ठेवू नका.


शांतदिवा
मंगळवार, दुपारी २:२५

बापरे, हे अजिबात माहीत नव्हतं. घरी सासरे ऐंशीच्या पुढचे आहेत. संध्याकाळी गेल्या गेल्या ६० वर करते. मनापासून आभार.

पण मग एक विचारते, गीझर चालू-बंद करण्यापेक्षा कायम चालू ठेवलेला बरा, परत तापवायला जास्त वीज लागते असं सगळे म्हणतात ते?


गणितवेडा
मंगळवार, दुपारी ३:१०

नाही लागत. हा गैरसमज फार चिवट आहे. गरम टाकी भोवतालच्या हवेला सतत उष्णता देत असते, आणि ती किती देते हे आत-बाहेरच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. टाकी गार होत गेली की फरक कमी, म्हणजे गळतीही कमी. म्हणून बंद ठेवून मग परत तापवली तरी एकूण बेरीज कमीच येते, कायम तापलेली ठेवण्यापेक्षा कधीच जास्त नाही. एसीचंही तेच. तासाभरासाठी बाहेर चाललात तर बंद करून जा.

अंघोळी मात्र लागोपाठ उरका म्हणजे एकदाच तापवावं लागतं.


माळरान
मंगळवार, संध्याकाळी ६:४५

सगळं वाचलं. वाईट वाटून घेऊ नका पण मला मनापासून प्रश्न पडतो की आपण इथे १८ वॉटसाठी रात्री टॉर्च घेऊन फिरायचं आणि तिकडे कारखाने, विमानं, वीजकेंद्रं धूर ओकणार. एका घराने काय होणार? मला हवामानबदलाची काळजी नाही असं नाही, उलट इतकी आहे की रात्री झोप लागत नाही, म्हणूनच विचारतो. हा सगळा भार सामान्य माणसाच्या डोक्यावर टाकून मोठे लोक मोकळे होताहेत असं वाटत राहतं.


काजवा
मंगळवार, रात्री ९:५०

माळरान, तुमचा प्रश्न अगदी रास्त आहे आणि मलाही पडतो, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

१९५८ मध्ये चार्ल्स कीलिंग या शास्त्रज्ञाने हवाई बेटांवरच्या मौना लोआच्या डोंगरावर हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजायला सुरुवात केली तेव्हा तो दशलक्ष भागांत ३१५ होता, आज ४२० च्या वर गेलाय. कारखानदारी सुरू व्हायच्या आधी २८० च्या आसपास होता. यात घरांचा वाटा किती तर हवामानाच्या आंतरराष्ट्रीय समितीने, आयपीसीसीने, २०२२ च्या अहवालात २०१९ सालचा हिशोब दिलाय की जगातल्या हरितगृह वायूंपैकी सुमारे २१ टक्के इमारतींमुळे येतात, आणि त्यातला निम्म्याहून जास्त भाग म्हणजे त्या इमारतींसाठी बाहेर तयार केलेली वीज आणि उष्णता. म्हणजे "तिकडचं" वीजकेंद्र आणि माझ्या घरातला स्विच या दोन वेगळ्या गोष्टी नाहीतच, ते केंद्र माझ्याच स्विचसाठी जळतंय. आणि कोळशावरच्या केंद्रात कोळशातल्या उष्णतेचा साधारण एक तृतीयांश भागच विजेत येतो, बाकी चिमणीतून आणि थंड करायच्या पाण्यातून जातो, त्यामुळे घरात एक युनिट वाचलं की तिकडे तीन युनिटांइतका कोळसा जळायचा थांबतो. एका युनिटमागे कोळशाच्या विजेत साधारण एक किलो कार्बन डायऑक्साइड धरतात, जगाची सगळी वीज एकत्र धरली तर अर्ध्या किलोच्या आसपास. माझे ते ७५ वॉट कोळशावर चालत असतील तर वर्षाला सहाशे किलोच्या वर!

त्याच अहवालात असंही आहे की वापराच्या बाजूने, म्हणजे घरं, प्रवास, खाणं आणि त्यासाठी लागणाऱ्या सोयी आणि तंत्रज्ञान असं सगळं मिळून, २०५० पर्यंत त्या क्षेत्रांतलं उत्सर्जन ४० ते ७० टक्के कमी होऊ शकतं. हे नुसत्या सवयींनी नाही होणार, धोरणं लागणारच, तिथे तुमच्याशी शंभर टक्के सहमत.

पण धोरणंही मोजण्यातूनच आलीत ना. उपकरणं बंद असतानाही वीज खातात हे संशोधकांनी घराघरांतून मोजून दाखवलं, मग आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने १९९९ मध्ये प्रस्ताव मांडला की बंद अवस्थेत कुठलंही उपकरण १ वॉटपेक्षा जास्त खाता कामा नये. युरोपीय संघाने २०१० पासून तो १ वॉटचा नियम लागू केला आणि २०१३ पासून अर्ध्या वॉटवर आणला. फ्रिजचं तर मला फारच कौतुक वाटतं, अमेरिकेत १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला नवा फ्रिज वर्षाला १८०० युनिटच्या आसपास खायचा, मग मानकं आली, ती दर काही वर्षांनी कडक होत गेली, आणि आजचा त्याहून मोठा फ्रिज तिसऱ्या हिश्श्यातही भागवतो. कुणी आकडे घेऊन बोललं म्हणून हे झालं.

त्यामुळे भार डोक्यावर घेऊ नका, पण मीटर बघत राहा.


माळरान
मंगळवार, रात्री १०:३०

एक युनिट वाचलं की तीन युनिटांचा कोळसा, हे डोक्यात गेलं. धन्यवाद. उद्या मोजतो.


दुपारचीसावली
बुधवार, सकाळी ११:००

एसीबद्दल कुणीच नीट लिहिलं नाही म्हणून लिहितो, मी या कामात बरीच वर्षं आहे.

एसी १६ वर लावला की खोली लवकर गार होते हा समज सोडा. साधा एसी कंप्रेसर चालू किंवा बंद एवढंच जाणतो, १६ लावा की २६ लावा, गार करायचा वेग तोच, फक्त १६ ला तो थांबतच नाही. इन्व्हर्टर एसी फरक जास्त दिसला की जोर लावतो हे खरं, पण २४-२६ लावला तरी सुरुवातीला तापलेल्या खोलीत तो जोरातच चालतो, मग हळू होतो, आणि त्याची खरी बचत त्या हळू चालण्यातच आहे, १६ लावून तुम्ही ती बचतच काढून घेता. सेटिंग एक अंश वर नेलं की साधारण ६ टक्के वीज वाचते असं धरतात. पंखा सोबत लावा. पंखा खोली गार करत नाही, तुम्हाला गार करतो, घाम उडवून, म्हणून २६-२७ अंशांत पंख्याखाली २४ सारखं वाटतं, आणि माणूस खोलीत नसेल तर पंखा चालू ठेवण्याला शून्य अर्थ आहे.

पंख्याचंच निघालं म्हणून, जुना छताचा पंखा ७०-८० वॉट, नवा बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा, ३० च्या आसपास. रोज १२ तास चालत असेल तर वर्षाच्या ३०० दिवसांत १६० युनिटचा फरक, एका पंख्याचा. जुना ठोकळ्यासारखा रेग्युलेटर असेल, हात लावला की तापलेला लागतो तो, तर पंखा हळू केल्यावर वाचलेली वीज तो स्वतःच उष्णतेत घालवतो. तो आधी बदला, इलेक्ट्रॉनिक बसवा.

आणि माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट म्हणजे ऊन घरात शिरायच्या आधी अडवणं. आतला पडदा ऊन काच ओलांडून आल्यावर अडवतो, तोवर उष्णता आत आलेलीच असते. बाहेरून चटई, जाळी, छज्जा, वेल, काहीही लावा, फरक लगेच कळतो. सर्वात वरच्या मजल्यावर राहत असाल तर गच्चीला पांढरा परावर्तक रंग.

शेवटचं आणि महत्त्वाचं. एसीतला गॅस. आर-४१० ए नावाचा जो वायू बऱ्याच एसींत आहे तो कार्बन डायऑक्साइडच्या २००० पटींनी तापवणारा आहे, आर-३२ साधारण ६७५ पट. म्हणजे किलोभर गॅस गळून हवेत गेला तर वर्षभराची काटकसर पाण्यात. २०१६ च्या किगाली करारात हे वायू टप्प्याटप्प्याने कमी करायचं ठरलंय, पण जुनी यंत्रं आपल्या भिंतीवर आहेतच. कुणी सांगितलं की गॅस दर वर्षी भरावा लागतो तर ऐकू नका. तो वापरून संपत नाही, संपला म्हणजे गळतोय, आधी गळती शोधून बुजवायला सांगा मगच भरा. आणि जुना एसी काढताना पाइप तसाच कापून गॅस सोडून देतात, ते करू देऊ नका, काढून घेणारा माणूस बोलवा.


ऋतुरंग
बुधवार, दुपारी १२:१०

सावलीदादा, सुंदर माहिती. यात एक भर घालते. काटकसरीच्या नादात घरातल्या म्हाताऱ्या माणसांना, तान्ह्या बाळांना, आजारी माणसांना उकाड्यात ठेवू नका. वय झाल्यावर घाम कमी येतो, तहान कमी लागते आणि शरीर तापतंय हे कळतही नाही. खोलीचं तापमान ४० च्या पुढे गेलं की नुसत्या पंख्याने उलट गरम हवा अंगावर येते आणि शरीर अजून तापतं, तेव्हा एसी लावाच, ओल्या फडक्याने अंग पुसा. वीज वाचवायची ती वाया जाणारी.


पायवाट
बुधवार, दुपारी ४:००

स्वयंपाकघराचं मी लिहितो, घरी ते काम माझ्याकडे असतं.

भांड्यावर झाकण. इतकी साधी गोष्ट पण उघड्या भांड्यातून वाफ जाते ती सगळी तुमची जाळलेली उष्णता. एकदा उकळी फुटली की आच बारीक करा, जोरात उकळणारं पाणी आणि मंद उकळणारं पाणी यांचं तापमान एकच असतं, १०० अंश, मोठ्या आचेने फक्त वाफ जास्त होते आणि शिजायचा वेळ तोच राहतो. कुकरमध्ये दाब वाढल्यामुळे पाणी १२० अंशांच्या आसपास उकळतं, म्हणून पटकन शिजतं, आणि शिट्टी व्हायला लागली की आच कमी, प्रत्येक शिट्टी म्हणजे बाहेर फेकलेली वाफ. बंद केल्यावर कुकर तसाच राहू द्या, आतल्या उष्णतेवर अजून दहा-पंधरा मिनिटं शिजत राहतं. मी तर जाड टॉवेलात गुंडाळून ठेवतो.

गॅसच्या शेगडीवर ज्योत भांड्याच्या कडेने वर यायला लागली की ती हवा तापवतेय. तसंही गॅसवर ४० टक्क्यांच्या आसपासच उष्णता भांड्यात जाते, इंडक्शनवर ८५ च्या जवळपास. पण तुमची वीज कोळशाची असेल तर हवामानाच्या हिशोबात इंडक्शनचा फायदा लगेच दिसेलच असं नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. वीज जशी स्वच्छ होत जाईल तसा तो वाढेल. घरातल्या हवेसाठी मात्र पहिल्या दिवसापासून बरं, कारण गॅसच्या ज्योतीतून नायट्रोजन डायऑक्साइड निघतो आणि तो दमेकऱ्यांना त्रास देतो.

केटलमध्ये लागेल तेवढंच पाणी घाला, बस.


तांबडंफुटलं
बुधवार, संध्याकाळी ७:१५

कपडे धुवायच्या मशीनचं कुणी बोललं नाही. गरम पाण्याचं सेटिंग लावलं की बहुतेक वीज पाणी तापवायलाच जाते, ड्रम फिरवायला किरकोळ लागते. रोजचे कपडे थंड पाण्यात नीट निघतात, आजारी माणसाचे किंवा बाळाचे तेवढे गरमात. मशीन पूर्ण भरल्याशिवाय लावू नका. आणि ड्रायर असेल तर तो विसरा, दोरी बांधा. थंड किंवा दमट हवेत वेळ लागतो, पण स्पिनचा वेग वाढवून घेतला की निम्मं काम तिथेच होतं.

अजून एक, मी हल्ली मशीन, इस्त्री वगैरे दुपारी करते. जिथे सौर वीज बरीच आहे तिथे दुपारची वीज स्वच्छ असते आणि संध्याकाळी सगळे एकदम घरी आले की मागणी चढते, तेव्हा कोळसा नाहीतर गॅसवरची केंद्रं जोरात चालवावी लागतात. युनिट तेवढंच पण धूर कमी.


माळरान
गुरुवार, सकाळी ८:२०

काल मोजलं. ११० वॉट निघाले बंद घरात. त्यात जुना दुसरा फ्रिज धरलेला नाही, तो वेगळा, तो तर दिवसाला सव्वादोन युनिट खातोय आणि आत काय आहे तर पाण्याच्या चार बाटल्या. नवीन घेतला तेव्हा जुना फेकायला जीवावर आला म्हणून मागच्या खोलीत ठेवला होता, सहा वर्षं झाली. म्हणजे नव्या फ्रिजने जे वाचवलं ते जुन्याने कधीच खाऊन टाकलं. आज बंद केला.


गणितवेडा
गुरुवार, सकाळी ९:००

माळरान, तुम्ही फार मोठा मासा पकडलात, वर्षाला आठशे युनिट!! आणि तुम्ही जे लिहिलंत त्याला अर्थशास्त्रात जुनं नाव आहे, जेव्हन्सचा विरोधाभास. जेव्हन्स नावाच्या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १८६५ मध्येच दाखवलं होतं की वाफेची इंजिनं काटकसरी झाली तसा कोळसा कमी नाही, जास्तच जळायला लागला, कारण वापर स्वस्त झाला. घरातही तेच होतं, एलईडी आले म्हणून एकाच्या जागी सहा दिवे, इन्व्हर्टर एसी आला म्हणून दिवसभर चालू. म्हणून काहीही बदललं की मीटरचा आकडा दर महिन्याला वहीत लिहा, नाहीतर वाचलेलं कुठे गेलं ते कळत नाही.

चालू फ्रिजचं पण बघून घ्या. दारात कागद अडकवून ओढा, सहज सुटला तर रबर गेलंय. भिंतीपासून थोडं अंतर, मागची जाळी पुसलेली, आत ४ अंश, फ्रीझर उणे १८, त्याहून गार करून काहीच मिळत नाही.

काजवाताई, तुमच्या त्या लुकलुकीचं काय झालं? मीटरपाशी उभं राहून एमसीबी (प्रत्येक लाइनचे सुरक्षा स्विच) एकेक करून पाडत जा, ज्याने थांबेल त्या लाइनवर शोधा. मीटरला मात्र हात लावू नका.


काजवा
गुरुवार, रात्री १०:०५

सापडलं!!!

पोराला मीटरपाशी उभं केलं, मी एमसीबी पाडत गेले, तिसऱ्याला तो ओरडला "थांबली!" ती स्वयंपाकघराची लाइन. तिथे तर सगळं काढलेलं होतं. मग फ्रिज पुढे ओढला आणि मागे भिंतीवर खाली स्टॅबिलायझर, चौदा वर्षांपूर्वी बसवलेला, त्यावर धुळीचा थर. मी फ्रिजचा प्लग काढला होता पण तो स्टॅबिलायझरमधून काढला होता, स्टॅबिलायझर स्वतः चालूच. कान लावला तर बारीक गुणगुण येत होती आणि चांगला गरम होता. त्याच्या आतला ट्रान्सफॉर्मर फ्रिज असो नसो वीज खातो, वर्षाला १६० च्या वर युनिट. म्हणजे सावलीदादांनी सांगितलेल्या पंख्याच्या बचतीइतके. मुलाने प्रोजेक्टमध्ये त्याचं चित्र काढलंय, बाण वगैरे दाखवून.

आता प्रश्न, तो काढून टाकू का? फ्रिज नवा आहे, तीन वर्षांचा.


दुपारचीसावली
गुरुवार, रात्री १०:४०

घाईने काढू नका. फ्रिजच्या मागे किंवा आत कडेला एक लेबल असतं, त्यावर किंवा माहितीपुस्तिकेत किती व्होल्टपासून किती व्होल्टपर्यंत चालतो ते बघा. नव्या फ्रिजना बहुतेक वेळा मोठी मर्यादा दिलेली असते आणि स्टॅबिलायझर लागत नाही. पण तुमच्याकडे व्होल्टेज किती खालीवर होतं ते आधी इलेक्ट्रिशियनकडून दोन-तीन वेळा तपासून घ्या, एकदा संध्याकाळी नक्की, तेव्हा सगळ्यात खाली जातं. मर्यादेत असेल तर खुशाल काढा.


काजवा
शुक्रवार, सकाळी ७:३०

लेबलवर १३० ते ३०० व्होल्ट आहे. इलेक्ट्रिशियन आज संध्याकाळी सातला येतोय, आकडे आले की इथेच लिहिते. काल रात्री राउटर आणि स्टॅबिलायझर सोडून बाकी सगळ्यांचे प्लग एका स्विचवाल्या एक्स्टेन्शनवर घेतले, झोपताना तो एक स्विच बंद केला आणि फ्रिज थांबलेला असताना मोजलं. मिनिटाला दीड.

माळरान, तुमच्या त्या ११० मध्ये काय काय निघालं तेही लिहा ना, मुलगा विचारतोय.


माळरान
शुक्रवार, सकाळी ८:१०

त्याला सांगा, आमच्याकडेही एक स्टॅबिलायझर सापडलाय, तोही कशालाच न जोडलेला. बाकीची यादी दुपारी देतो, बायको म्हणतेय तिलाही मोजायला यायचंय.